उशाशी कोण

१

बाबा ज्या खोलीत गेले, त्या खोलीतला चौथा डबा रिकामा होता.

ते माझ्या लक्षात आलं तेव्हा अंत्यविधी उरकून आम्ही घरी परतलो होतो. पुढच्या खोलीत नातेवाईक हळू आवाजात बोलत होते, कोणीतरी पुन्हा चहा टाकला होता, आणि कुणाच्याच शेजारी बसवेना म्हणून मी मागच्या खोलीत आले. खिडक्यांना काळे पडदे, चित्रपट दाखवायला पांढरी रंगवलेली एक भिंत, लोखंडी टेबलावर प्रोजेक्टर, समोर दोन खुर्च्या. बाकी तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर फिल्मच्या रिळांचे चपटे गोल डबे आणि त्यांच्यामागे व्हिडिओ कॅसेटी. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. आम्ही भावंडं त्या वासात लहानाची मोठी झालो.

बाबांचं कॅसेटी भाड्याने देण्याचं दुकान होतं. धंदा बसला तेव्हा त्यांनी माल विकला नाही, घरी आणला. त्यांना भयपट आवडत. तेही नावाजलेले नव्हेत. घाईत काढलेले, सवंग, रक्ताने माखलेले, ज्यांची पोस्टरं भिंतीवर लागली की आया मुलांचे डोळे झाकत, असे. या चित्रपटांचे संग्राहक असतात, आणि अजून कुणाच्या नजरेला न पडलेली चीज मिळवण्यासाठी ते जीव टाकतात. ती कुठली, हे बाबा सांगत. महिन्यातून एका रविवारी त्यांचं मंडळ या खोलीत जमायचं आणि बाबा एका दुर्लक्षित चित्रपटाची शिफारस करायचे.

शिफारशीचे नियम दोन. गोष्ट सांगायची नाही, कशासाठी पाहायचा तेवढं एकच कारण सांगायचं. आणि जो चित्रपट शेवटच्या चौकटीपर्यंत पाहिलेला नाही, त्याची शिफारस करायची नाही. “‘शवागाराची चावी’ पाहा, तिकिटं फाडणाऱ्या बाईसाठी,” असं ते म्हणायचे. किंवा, “‘नखं’ पाहा. खुनांकडे लक्ष देऊ नका, स्वयंपाकघरातला नळ ऐका.” लोक दूरदूरच्या रद्दीच्या दुकानांतून तो नळ शोधत फिरायचे.

एका चित्रपटाची शिफारस मात्र मंडळात आजवर कोणी केलेली नव्हती. ‘उशाशी कोण’. आजारी म्हाताऱ्याची शुश्रूषा करणारी एक बाई, आणि त्याच्या उशाशी रोज बसणारं कोणीतरी. त्याची चार रिळं होती, पण चौथं कोणी पाहिलंच नव्हतं. प्रदर्शनाच्या वेळीच ते काढून टाकलं गेलं, का ते कळलं नाही. बाबांकडे पहिली तीन होती आणि मंडळातल्या प्रत्येकाने ती कितीतरी वेळा पाहिली होती. त्यातल्या पार्श्वसंगीताची सगळे टिंगल करत. पहिल्या चौकटीपासून ते जे सुरू होतं ते थांबतच नाही. वाजवणाऱ्यांना कोणी जेवायलासुद्धा सोडलं नसावं, असं बाबा म्हणायचे.

जाण्याच्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला होता. बंद पडलेल्या एका थिएटरच्या ऑपरेटरची बायको घर आवरत होती, तिने पलंगाखालचा एक डबा बाबांना पाठवला होता. “चौथं रीळ आलंय,” ते म्हणाले. “रविवारी लावतो. सगळ्यांना नाही बोलावणार. एखाद्यालाच.”

एखाद्याला बोलावणार, हे नक्की होतं. बाबा भयपट एकट्याने कधीच बघत नसत. एकट्याने बघितला तर फक्त आपलीच भीती कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारच्याचा श्वास ऐकल्याशिवाय चित्रपटाची खरी किंमत लागत नाही.

सोमवारी सकाळी दादा त्यांना भेटायला आला, तेव्हा ते या खोलीत जमिनीवर पडलेले होते. हृदयविकाराचा झटका, फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलं. रविवारी दुपारीच कधीतरी. घरात ते एकटेच होते असं सगळे धरून चालले होते.

मी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. वर त्या अनोळखी बाईच्या अक्षरात बाबांचा पत्ता होता, आत काहीच नव्हतं. रीळ मला नको होतं. पण ज्याने ते नेलं, तो त्या दुपारी इथे होता. आणि तो इथे असेल, तर बाबा एकटे गेले नव्हते. ते एकटे गेले की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

२

आत्या बाबांची थोरली बहीण. निवृत्त होईपर्यंत ती विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची चौकशी करायची. जळालेल्या गोदामांतून आयुष्य गेल्यामुळे तिला कुठल्याही खोलीत शिरताच आधी जमीन बघायची सवय आहे. भयपटांचा तिला तिटकारा. “माझा भाऊ शहाणा आहे, फक्त आवड भिकार आहे,” असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची.

मी तिला डबा दाखवला. तिने दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाली, “चोराने रीळ नेलं आणि डबा ठेवला. म्हणजे फळीवर मोकळी जागा दिसू नये एवढी अक्कल आहे. बाकीचे तीन काढ.”

मी तिन्ही डबे टेबलावर ठेवले. रिळांना कसं हाताळायचं हे बाबांनी मला शिकवलं होतं. फिल्मला मधे बोट लावायचं नाही, कडेने धरायची, आणि दाखवून झाली की मागे फिरवायची नाही, तशीच डब्यात ठेवायची. मग पुढच्या वेळी लावण्याआधी ती उलट गुंडाळावीच लागते, आणि गुंडाळताना कडांवरून बोट फिरतं, फाटलेलं काही असलं तर तिथेच कळतं. त्यामुळे बाबांनी दाखवलेल्या रिळाचं शेवटचं टोक नेहमी बाहेर असायचं.

पहिलं रीळ पडदा सरकवून उजेडात धरलं. बाहेरच्या टोकाला पहिल्या भागाचा शेवट होता, जिन्यावरची बाई. दुसऱ्या रिळाचंही तसंच. तिसऱ्याच्या बाहेरच्या टोकाला कोरी पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘भाग तिसरा, सुरुवात’. रीळ नीट मागे फिरवून, टोकाला कागदी चिकटपट्टी लावून ठेवलेलं होतं.

“हे बाबांनी केलेलं नाही,” मी म्हटलं.

आत्या खुर्चीत बसली.  मग तिने जे सांगितलं, ते मलाही तोवर कळून चुकलं होतं. पहिली दोन रिळं बाबांनी स्वतः उतरवली. तिसरं संपलं तेव्हा ते उठून उतरवण्याच्या स्थितीत नव्हते. कोणीतरी दुसऱ्याने ते उतरवलं, मागे फिरवलं, डब्यात घातलं. माणूस जमिनीवर पडलेला असताना.

“प्रोजेक्टर कोणाकोणाला चालवता येतो?”

मंडळातल्या दंतवैद्यांना आणि मास्तरांना, शिवाय दादाला, मी सांगितलं. बाबांचा फोन तिने आधीच तपासला होता, त्या आठवड्यात तिघांशीही बोलणं झालेलं होतं. त्यातून काही निघत नव्हतं.

“आणि फिल्म मागे फिरवून ठेवायची सवय कोणाला असते?”

“कॅसेटीवाल्यांना. गिऱ्हाईक तशीच परत द्यायचं, मग दुकानात फिरवावी लागायची.”

“बरं. शाळेत असताना तुझा दादा सुट्टीत दुकानात बसायचा,” आत्या म्हणाली. “काय काम करायचा गं तो तिथे?”

 दादा कॅसेटी मागे फिरवायचा.

३

दादाला हे घर रिकामं करायचं होतं, हे त्याने लपवलं नव्हतं. वास असह्य आहे, फिल्म पेट घेते, म्हातारा माणूस असल्या वखारीत राहू शकत नाही, असं तो बाबांना वर्षभर सांगत होता. दंतवैद्य अख्खा संग्रह घ्यायला तयार होते, हेही त्यानेच मला सांगितलं होतं.

आत्याने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि सरळ विचारलं. तो आधी चिडला. मग म्हणाला, मी चोर असतो तर एक रीळ कशाला नेलं असतं, सगळंच माझ्या ताब्यात आहे ना. त्यात तथ्य होतं. पण बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि आत्याच्या ते लक्षात आलं होतं.

“काय लपवतोयस?” तिने विचारलं. “भाऊ माझा गेलाय. मी काही वकील नाही.”

दादा टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत राहिला. मग हळूच म्हणाला की त्याने सोमवारी एक गोष्ट हलवली होती. बाबांच्या डोक्याखाली उशी होती. खुर्चीवरची. पाय एकाला एक लावून नीट सरळ केलेले होते. ते झोपल्यासारखे दिसत होते, आणि त्याला वाटलं, लोक म्हणतील की हे उशी घेऊन निवांत पडले, दुखत असूनही कुणाला हाक मारली नाही. मुलगा याच गावात आणि बापाला त्याला फोन करावासा वाटला नाही. म्हणून त्याने उशी परत खुर्चीवर ठेवली.

“कुठल्या खुर्चीवर?”

“जिच्यावर नव्हती तिच्यावर. डावीकडच्या.”

बाबा उजवीकडच्या खुर्चीत बसत. डावीकडची पाहुण्याची.

आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती सहसा असं करत नाही. दादाचा चेहरा वाकडा झाला आणि तो उठून नळाखाली तोंड धुवायला गेला. पाण्याचा आवाज चालू असताना आत्या मला म्हणाली, हा नाही. बापाच्या डोक्याखाली उशी ठेवून पुन्हा आपल्याच तोंडाने सांगणारा हा नाही.

संध्याकाळी मी फॅमिली डॉक्टरांना गाठलं. त्यांनी आधी उडवाउडवी केली. मी विचारत राहिले. झटका आला तो एकदम मोठा नसावा, ते म्हणाले. काही वेळ मिळाला असणार. अर्धा तास, कदाचित जास्त. त्या वेळात दवाखान्यात पोचले असते तर, मी विचारलं.

“तर आपण हे बोलत नसतो,” डॉक्टर म्हणाले.

बाबांच्या डोक्याखाली उशी ठेवणारा माणूस तो अर्धा तास या खोलीत होता.

४

दंतवैद्यांचा दवाखाना पांढराशुभ्र होता आणि ते स्वतःही. मंडळात सगळ्यात मोठा संग्रह त्यांचा. फिल्म थंडीत टिकते म्हणून त्यांनी दवाखान्यामागच्या खोलीत दोन मोठे फ्रीज ठेवले होते. एका कप्प्यात दातांचे साचे, बाकी सगळीकडे डबे. आम्ही न विचारताच त्यांनी ते उघडून दाखवले.

चौथ्या रिळाबद्दल आत्याने सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, बातमी खरंच नवी आहे. पण चेहऱ्यांवर विश्वास ठेवायला मी आत्याबरोबर आले नव्हते. मी एक डबा मागितला आणि फिल्मचं टोक उजेडात धरलं. दुसरा घेतला. तिसरा. प्रत्येक रिळाचा शेवट बाहेर होता.

“तुझ्या बाबांनीच शिकवलं,” ते म्हणाले. “मागे फिरवून ठेवलेलं रीळ दिसलं की माझ्या दाढा शिवशिवतात.”

आत्याने विचारलं, रविवारी दुपारी कुठे होता. घरी, एकटाच, पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं. मग ते म्हणाले, “ताई, खरं सांगू का. ते रीळ माझ्या हाती लागलं असतं तर मी चोरलं असतं. लाज वाटते, पण चोरलं असतं. पाहिलं मात्र नसतं. डबा उघडून वास घेतला असता आणि फ्रीजमध्ये ठेवला असता. हिचे बाबा मला तेच म्हणायचे. तू गोळा करतोस, बघत नाहीस.”

“आणि मास्तर?” मी विचारलं.

दंतवैद्य हसले. मास्तरांकडे एकही रीळ नव्हतं, प्रोजेक्टरही नव्हता. शाळेच्या निवृत्तिवेतनावर त्यांना कॅसेटीच परवडायच्या, तेही बाबांनी जुन्या दुकानातल्या दिलेल्या. पण मंडळात नियम पाळावा तो मास्तरांनीच. एकदा कुठल्याशा चित्रपटाची शेवटची काही मिनिटं कॅसेटमध्ये खराब झालेली होती, तर त्यांनी दुसरी प्रत मिळेपर्यंत त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाबांच्या सगळ्यात जवळचा माणूस तोच.

मला ते सांगायची गरज नव्हती. मला सायकल मास्तरकाकांनी शिकवली होती. भूगोलाच्या परीक्षेआधी ते आमच्या ओट्यावर बसून माझ्याकडून नद्या वदवून घ्यायचे. अंत्यविधीच्या वेळी ते सगळ्यांच्या मागे उभे होते आणि मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

रस्त्यावर आल्यावर आत्या म्हणाली, “दोन उरले. तुला कोण असावा असं वाटतं ते सांगू नकोस. मंडळाला बोलाव.”

५

मंडळाच्या रविवारी मी सगळ्यांना नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खोलीत बोलावलं. निरोप एवढाच होता की बाबांची आठवण म्हणून प्रत्येकाने एका चित्रपटाची शिफारस करावी. रिळाबद्दल दंतवैद्यांना आत्याने गप्प राहायला बजावलं होतं.

डझनभर माणसं आली. दुमडत्या खुर्च्या लागल्या. बाबांच्या खुर्चीत कोणी बसलं नाही, डावीकडच्या खुर्चीतही नाही. मी दाराशी उभी राहिले, आत्या फळीला टेकून.

एकेक जण उठला. कोणी ‘बर्फातली बोटं’ सांगितला, त्यातल्या कुत्र्यासाठी. कोणी ‘तळघरातली मैना’, वेषभूषा करणाऱ्याने वापरलेल्या एकाच हिरव्या झग्यासाठी. एक टॅक्सीवाले होते, ते म्हणाले की त्यांना चार लोकांत बोलता येत नाही, पण ‘नखं’ त्यांना बाबांनी दिला आणि बायको गेली त्या हिवाळ्यात तो नळ त्यांनी रोज ऐकला. कोणीतरी हसलं, मग तेही हसले. दंतवैद्य उठले, आपल्याला शिफारस करण्याइतकं काही पाहिलेलंच नाही असं म्हणाले आणि खाली बसले.

शेवटी मास्तर उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, वर्गात शिरताना लावायचे तशी.

“‘उशाशी कोण’,” ते म्हणाले. “पाहा. त्यातल्या शांततेसाठी.”

माना डोलल्या. बाबांच्या सगळ्यात लाडक्या चित्रपटाचं नाव मित्राने घेतलं, शांततेचा उल्लेख केला, मास्तर प्रसंगाला साजेसं बोलले, आज नियम कोण बघतो, असं सगळ्यांना वाटलं असणार. टॅक्सीवाल्यांनी डोळे पुसले.

मी मात्र दाराची चौकट धरली. त्या चित्रपटात शांतता नाही. पहिल्या रिळात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. वाजवणाऱ्यांना कोणी जेवायलाही सोडलं नव्हतं. शांतता असलीच तर ती चौथ्या रिळात असणार. आणि जो चित्रपट शेवटापर्यंत पाहिलेला नाही, त्याचं नाव मास्तरांनी कधीच घेतलं नसतं.

मी आत्याकडे पाहिलं. तिला यातलं काही कळलेलं नव्हतं. तिला कळलं ते माझ्या चेहऱ्यावरून.

६

मास्तर एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. खाली यंत्र चालू होतं आणि जमीन बारीक थरथरत होती. त्यांनी दार उघडलं, आम्हा दोघींना बघितलं, आणि चहा ठेवतो म्हणाले. पण ठेवला नाही. पलंगाखालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“तुला कळेल हे मला बोलता बोलताच कळलं,” ते मला म्हणाले. “पण तोवर बोलून झालं होतं.”

“मग दुसरं नाव घ्यायचं होतं,” आत्या म्हणाली.

“दुसरं कसं घेणार? असा चित्रपट बघितल्यावर?”

त्यांनी हे इतक्या साधेपणाने म्हटलं की आत्या खुर्ची ओढून बसली.

मग त्यांनी सांगितलं. रविवारी बाबांनी त्यांना बोलावलं. चौथं आलंय, पण सुरुवातीपासून बघू, असं ठरलं. तिसऱ्या रिळाच्या मध्यावर बाबा छाती चोळायला लागले. पित्त झालंय म्हणाले. मग खुर्चीतून घसरले. मास्तरांनी त्यांना आडवं केलं, डोक्याखाली आपल्या खुर्चीवरची उशी दिली, पाय सरळ केले. दादाला फोन करतो, असं ते म्हणाले.

“थांबवू नकोस, म्हणाला,” मास्तर म्हणाले. “शपथ घेऊन सांगतो. थांबवू नकोस, बघू दे.”

मी त्यांना खोटं म्हणू शकले नाही. बाबा असं म्हणाले असतील.

“तिसरं संपलं, ते तुम्ही उतरवलंत,” आत्या म्हणाली. “मागे फिरवलंत. डब्यात ठेवलंत.”

“ते मला आठवतसुद्धा नाही. हात गेला असेल.”

“आणि चौथं चढवलंत.”

“त्याला उठता येत नव्हतं ना.”

खालचं यंत्र थांबलं. कोणीतरी कागदाचा गठ्ठा आपटला आणि ते पुन्हा सुरू झालं. मास्तर त्या आवाजाकडे कान देऊन बसले होते.

“शेवटाकडे एक जागा आहे,” ते म्हणाले. “संगीत थांबतं. एकाएकी. ती बाई म्हाताऱ्याच्या उशाशी जाऊन नुसती बसते. काहीच वाजत नाही. इतका वेळ वाजत असतं ना, म्हणून ते... मला तुझ्या बाबांचा श्वास ऐकू येत होता. मागून. जड होता, पण येत होता. मग येईना.”

“तेव्हा चित्रपट किती उरला होता?” आत्याने विचारलं. चौकशीतला तिचा जुना आवाज होता तो, सपाट.

“ती उठून दारापर्यंत जाते, तेवढा. आणि त्यानंतरचा थोडा.”

“वळून बघितलंत?”

“संपल्यावर.”

 मास्तरांनी डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं. मग ते सांगू लागले की रीळ त्यांनी स्वतःसाठी नेलेलं नाही, त्यांच्याकडे यंत्रही नाही. पण दादा सगळं दंतवैद्यांना देणार, दंतवैद्य ते फ्रीजमध्ये टाकणार, आणि ते पुन्हा कोणी म्हणजे कोणी बघणार नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात धार आली. वर्गात कोणी नकाशाची पानं दुमडली की यायची तशी.

“मास्तरकाका,” मी विचारलं, “बाबांनी शेवट बघितला?”

त्यांनी बराच विचार केला. मला खरं उत्तर द्यायची त्यांची मनापासून इच्छा होती, ते दिसत होतं.

“त्याचं तोंड भिंतीकडेच होतं,” ते म्हणाले. “पण डोळे उघडे होते का ते मला नाही सांगता येणार. मी चित्रपटाकडे बघत होतो.”

७

आत्याने ओळखीच्या वकिलाला विचारलं. चोरीची तक्रार करता येईल, तो म्हणाला. बाकीचं अवघड आहे. रुग्णाने स्वतःच थांबवू नकोस म्हटलं, मित्र वयस्कर, घाबरलेला. त्यातून काही हाती लागणार नाही. दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी मास्तरांच्या घरी जायला निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला. मग म्हणाला, पोलिसांकडे नको. बाबांचं नाव चव्हाट्यावर नको.

मी मास्तरांना एकच गोष्ट करायला सांगितली. मंडळासमोर उभं राहायचं आणि त्या दुपारी काय झालं ते आपल्या तोंडाने सांगायचं. त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या मताला किंमत नव्हती. त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, याची ते वाटच बघत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच खोलीत माणसं जमली. या वेळी दादाही आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. टेबलावर चारही डबे होते. मास्तरांनी बटणं लावली नाहीत. त्यांनी काही गाळलं नाही, आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. उशीचं सांगितलं, फोन करतो म्हणालो आणि केला नाही ते सांगितलं, श्वास ऐकू येईनासा झाल्यावर आपण वळलो नाही तेही सांगितलं. टॅक्सीवाल्यांनी तोंडावर हात घेतला. दंतवैद्यांनी मान खाली घातली. दादा हलला नाही.

मास्तर बोलायचे थांबले. खोलीत कोणी खोकलंही नाही. मी वाट बघत होते, आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. कोणीतरी उठून निघून जाईल, निदान त्यांच्याकडे पाठ फिरवेल. बाबांच्या वतीने एवढं तरी होईल.

मग मागच्या खुर्च्यांतून अगदी हलक्या, जवळजवळ दिलगीर आवाजात कोणीतरी विचारलं,

“पण शेवट कसा आहे?”

कोण होतं ते मी पाहिलं नाही. मी बाकीच्यांकडे बघत होते. त्याला कोणीही गप्प केलं नाही. टॅक्सीवाल्यांचा हात तोंडावरून खाली आला होता. दंतवैद्यांनी मान वर केली होती. सगळे मास्तरांकडे बघत होते, थोडे पुढे झुकून, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता.

आत्या “अरे देवा” एवढंच म्हणाली.

मी जाऊन काळे पडदे बाजूला सारले. दुपारचं ऊन खुर्च्यांवर पडलं आणि माणसं डोळे बारीक करून इकडेतिकडे बघू लागली. मी त्यांना निघायला सांगितलं. ते एकामागून एक गेले, माझ्यासमोर थांबून, हात जोडून. मास्तर सगळ्यांत शेवटी गेले.

बाबा एकटे गेले का, हे त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही.